फोटोमागचं ब्याण्णव साल

धार, सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

हजर: मी, शैला रानडे (नाशिक, परीक्षक), बोरसे सर (सहपरीक्षक, मूळचे चाळीसगावचे), तिवारीजी (धार केंद्राचे प्रमुख), परीक्षार्थी शिक्षक-शिक्षिका दहा. गैरहजर: एक, बाळंतपणामुळे. तसा अर्ज पोचलेला.

प्रवासाची वही मी अशीच उघडते. बोरसे सर त्यावरून हसतात. इंदूरहून धारला येणाऱ्या बसमध्ये त्यांनी विचारलं, गव्हाची शेतं किती मागे पडली तेही लिहिताय का. लिहीत नव्हते, पण बघत होते. माळव्याची जमीन आमच्यासारखीच काळी, पण ऐसपैस. गहू ओंब्यांवर आलेला, हरभरा घाट्यांनी लगडलेला. रस्ता मात्र असा की डब्यातल्या लाडवांचा धारला उतरेपर्यंत भुगा झाला होता. तो आम्ही चमच्याने खाल्ला.

कामाचं स्वरूप आधी सांगते. साध्या शाळेतही कमी ऐकू येणारी, सावकाश शिकणारी, हातपाय नीट न चालणारी मुलं असतात. त्यांना वर्गात कुठे बसवायचं, काय आणि किती शिकवायचं, वर्गशिक्षकाने कुठे सांभाळून घ्यायचं, घरच्यांनी काय करायचं, हे सगळं जुळवून घ्यायला शाळेत एक माणूस लागतो. त्याला समन्वयक म्हणतात. कितीतरी शिक्षिका हे काम कोणी न सांगता, न शिकवता करत आल्या होत्या. मग कायदा आला. १९९३ च्या जूनपासून या कामाला रीतसर प्रशिक्षण आणि दिल्लीच्या परिषदेकडे नोंदणी लागू लागली. आधीपासून काम करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक सवलत ठेवली गेली: पोस्टाने धडे, सुट्टीत संपर्कवर्ग, शेवटी एक पाठ आणि तोंडी परीक्षा. अट एकच. त्या जूनच्या आधीपासून काम करत असल्याचा लेखी पुरावा हवा. आणि आम्हाला सांगण्यात आलं होतं की सवलतीची ही शेवटची तुकडी.

आमचा कार्यक्रम असा होता: मंगळवारी धार, बुधवार मोकळा, गुरुवारी देवास, शुक्रवारी अहवाल, शनिवारी परत. मोकळा बुधवार मी मांडूसाठी राखला होता. नणंदेकडून कॅमेरा मागून आणला होता आणि काय काय पाहायचं त्याची यादी करून ठेवली होती, चौदा ठिकाणं.

संध्याकाळी तिवारीजींनी स्टँडसमोर पोहे खाऊ घातले. वाफेवर ठेवलेले, बडीशेपेच्या चवीचे, वर शेव आणि जिरावन नावाचा आंबटतिखट मसाला. शेजारी जिलबी. आमच्याकडे पोह्यांबरोबर जिलबी वाढणाऱ्या घराबद्दल मागून बोललं जाईल. इथे जिलबी नसेल तर बोललं जातं. बोरसे सरांनी दोन्ही रीतींचा मान राखला आणि तिसरी बशी मागवली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वर्गात कमी ऐकणारं मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ते मूल ओठ वाचत असतं. हे पहिल्या पुस्तिकेतच आहे. सकाळी सहा जणांनी पाठ घेतले आणि सहाही जण फळ्याकडे वळून बोलले. माझ्या कागदावर सहा फुल्या पडल्या.

सातव्या आल्या सुनंदा मोहिते. वय सत्तेचाळीस, धारच्याच. घराणं पवारांच्या दरबाराबरोबर इकडे आलेलं; बोलताना मधूनच हिंदी येते आणि मधूनच आमच्या पणजीच्या तोंडचे शब्द. सासऱ्यांना मामंजी म्हणतात, मला त्या बाईसाहेब म्हणाल्या. आल्या आल्या त्यांनी फळा भिंतीवरून काढून स्वतःच्या उजव्या हाताला, खुर्चीवर तिरपा टेकवला.

तिसरीचा वर्ग, वजाबाकी. पहिल्या बाकावर हर्षा नावाची मुलगी, कानामागे यंत्र. सुनंदाबाईंनी प्रत्येक बाकावर मटारच्या शेंगा ठेवल्या. सोला, दाणे मोजा, तीन खा, उरले किती. लिहिताना त्यांचा हात फळ्यावर आणि तोंड मुलांकडे. अक्षरं थोडी तिरकी येत होती, पण एकही शब्द पाठमोरा गेला नाही. बाहेरून मोटरसायकल गेली तेव्हा त्या वाक्याच्या मध्यावर थांबल्या आणि ती गेल्यावर वाक्य पहिल्यापासून बोलल्या. हर्षाचं उत्तर चुकलं. बाईंनी उत्तर सांगितलं नाही; तिच्यापुढे आणखी दोन शेंगा ठेवल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. परत येईपर्यंत हर्षाने पाटीवरचा आकडा पुसून बरोबर लिहिला होता.

बोरसे सरांनी माझ्याकडे चिठ्ठी सरकवली: "आपण परीक्षा घ्यायला आलोय की द्यायला?"

तोंडी परीक्षेतही सुनंदाबाईंनी कुठे अडखळायला जागा ठेवली नाही. मग मी कागद तपासायला घेतले, आणि तिथे गाडी अडली. सध्याच्या शाळेचा दाखला १९९५ पासूनचा. त्याआधी त्या एका लहानशा खासगी शाळेत होत्या. ती शाळा बंद पडलेली, मुख्याध्यापक वारलेले.

"रजिस्टर तर सगळे भिजून खराब झाले, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "शाळाच राहिली नाही, तर दाखला कोण देणार?"

पुरावा नाही म्हणजे निकाल राखून ठेवायचा, असा नियम. राखून ठेवलेला निकाल म्हणजे शेवटच्या तुकडीत नापासच. तिवारीजींनी बाजूला घेऊन पुढचं सांगितलं. शाळेच्या नव्या व्यवस्थापनाकडे पदवीवाल्या एका उमेदवाराचा अर्ज येऊन पडला होता. सुनंदाबाईंची नोंदणी झाली नाही तर जूनपासून समन्वयकाची जागा त्याला. मोहितेबाई साध्या वर्गावर, आणि त्यांच्याकडची अकरा मुलं, हर्षा धरून, त्या नव्या माणसाकडे.

मी विचारलं, त्या वेळची मुलांची काही नोंद, वही, काहीही? सुनंदाबाई म्हणाल्या, नोंद होती, पण वहीत नाही. कॅलेंडरवर.

आपल्या घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दूध नाही, गॅस आला, असं लिहितात. माझ्या स्वयंपाकघरातही लिहिलेलं असतं. त्यांचे नाशिक रोडचे भाऊ दर दिवाळीला मराठी कॅलेंडरांचा गठ्ठा पाठवत. त्यातलं घरासाठी एक ठेवून बाकीची त्यांनी शाळेत लावली, एका मुलाला एक. रोजच्या चौकोनात त्या दिवशी त्या मुलाला काय जमलं ते, दोन-तीन शब्दांत. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती. आमच्या पुस्तिकेत हेच काम करायला चार पानांचा तक्ता दिलेला आहे आणि तो कोणी रोज भरत नाही.

"मग ती कॅलेंडरं कुठे आहेत?"

"९५ नंतरची घरी आहेत. जुनी ह्यांनी लावून टाकली."

"लावून टाकली म्हणजे?"

उत्तर ऐकायला आम्ही त्यांच्या यजमानांच्या दुकानात गेलो. दत्ताजी मोहिते बाजारात फोटो मढवण्याचं काम करतात. सुनंदाबाईंची रीत अशी की मूल शाळा सोडून जाताना त्याचा फोटो काढून, मढवून त्याला भेट द्यायचा. फोटोच्या मागे भर घालायला काहीतरी जाड लागतं. दत्ताजींनी घातली ती त्याच मुलाची कॅलेंडरं.

ते अजिबात ओशाळले नाहीत. "कागद चांगला, गुळगुळीत. फेकायचा कशाला? आणि त्याचंच होतं, त्याच्याच मागे लावलं. दुसऱ्याच्या मागे नाही लावलं कधी."

सुनंदाबाई म्हणाल्या, "बारा वर्षांत मला एकदा सांगायचं तरी."

"तू विचारलंस कधी? भिंतीवरून गेलं कुठे, हे तुलाच नाही दिसलं."

मी वहीत नवीन पान उघडलं आणि विचारलं, कशी लावता ते दाखवा. त्यांनी दाखवलं. फोटो, त्यामागे कॅलेंडरची पानं, मग पुठ्ठा, बारीक खिळे, आणि सगळ्यावर खाकी कागद. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. कागद सुकला की त्यावर दुकानाचा शिक्का आणि पेनाने तारीख. खाकी कागद फाडल्याशिवाय मागची पानं निघत नाहीत आणि नवी घालता येत नाहीत.

म्हणजे एखादी फ्रेम अजून बंद असेल, तिच्यावर त्या जूनच्या आधीची तारीख असेल आणि आत पानं असतील, तर याहून चांगला पुरावा सरकारी कपाटातही मिळाला नसता. मी मांडूच्या यादीवर रेघ मारली. बोरसे सरांनी एक लांब उसासा सोडला आणि विचारलं, निघायचं किती वाजता.

पीथमपूर, बुधवार, ११ फेब्रुवारी

सुनंदाबाईंना जुनी तीनच मुलं नक्की आठवत होती. एकीचं कुटुंब गुजरातेत गेलेलं, पत्ता नाही. दुसरा रवींद्र, जन्मापासून बहिरा, आता पीथमपुरला कारखान्यात. तिसरा गोकुल, त्याचे वडील रस्त्यांच्या कामावर होते, बदली झाली तसं कुटुंब देवासकडच्या आपल्या गावी गेलं, एवढंच माहीत.

सुनंदाबाई बरोबर यायला निघाल्या होत्या. मी नको म्हटलं. ज्याचा पुरावा शोधायचा तो माणूस शोधणाऱ्याबरोबर दिसता कामा नये. त्यांनी ते लगेच मानलं, फक्त रवींद्रसाठी गराडूचा पुडा दिला. गराडू म्हणजे रताळ्याच्या वळणाचा जाडजूड कंद, तळून वर मसाला आणि लिंबू. आमच्याकडे मिळत नाही. त्यातले चार तुकडे वाटेत कमी झाले, त्याची जबाबदारी बोरसे सरांकडे.

पीथमपूर म्हणजे रुंद रस्ते, लांब कुंपणं आणि शिफ्टच्या बसेस. रवींद्र दुपारच्या बसमधून उतरला तो गणवेशातच. त्याच्या आई साताऱ्याच्या. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आल्या. त्यांनी बसल्या बसल्या पिठलं-भाकरी केली आणि इकडे ज्वारी कशी पांढरी मिळत नाही ते सांगितलं. रवींद्र माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सावकाश, त्याच्याकडे बघून बोलले. त्याने लगेच भिंतीवरून फोटो काढून आणला.

शिक्क्यावर तारीख होती मे १९९६. तिथेच मला कळायला हवं होतं. तरी फ्रेम उघडली. आत १९९५ ची सहा पानं, बारा महिने. दत्ताजी फ्रेमच्या जाडीत बसेल तेवढंच, म्हणजे मुलाचं शेवटचं वर्ष घालत होते. दुसऱ्याच्या मागे कधी नाही म्हणाले खरे, पण आधीची वर्षं कुठल्या लग्नाच्या फोटोंमागे गेली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

म्हणजे ज्या मुलाने जून १९९३ च्या आधी शाळा सोडली, त्याचीच फ्रेम उपयोगी. तसा एकच होता, गोकुल; त्याच्या वडिलांची बदली त्याआधीची.

मी वहीत हे लिहीत होते. रवींद्रने ते उलट्या बाजूने वाचलं. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, शाळा हिंदीतली. पण नाव वाचलं. त्याने माझं पेन मागून घेतलं आणि हिंदीत लिहिलं: गोकुल माझ्या बाकावर. कन्नौद. त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. खाली त्याने नकाशा काढला: स्टँड, मंडीचं फाटक, पाण्याची टाकी, टाकीमागे तिसरं घर. मापं नव्हती, पण वळणं सगळी होती. पुढे शुक्रवारी त्या नकाशावर आम्ही एकदाही कोणाला रस्ता विचारला नाही.

त्याच्या आईने दारात मला अडवून विचारलं, बाईंचं होईल ना. मी म्हटलं, बघू. परीक्षकाला एवढंच म्हणता येतं.

देवास, गुरुवार, १२ फेब्रुवारी

देवासला सात परीक्षार्थी, सातही हजर, कागद सगळे पुरे. गावावर देवीची टेकडी अशी उभी की वर्गाच्या खिडकीतूनही ती दिसते आणि मुलं पाढे म्हणताना तिकडेच बघतात. इथेही चौघांची आडनावं मराठी. त्यातल्या एक शिक्षिका माझ्याशी मराठीत बोलत होत्या, पण तोंडी परीक्षा सुरू होताच हिंदीत गेल्या. म्हणाल्या, मराठी घरातली, हे सगळं हिंदीत शिकले, म्हणून हिंदीतच येतं. मला ते पटलं. मी प्रश्नही हिंदीत विचारले. माझी हिंदी ऐकून वर्ग खूश झाला.

तोंडी संपल्यावर मी सगळ्यांना एक प्रश्न विचारला, गुणांसाठी नव्हे: तुम्ही मुलांची रोजची नोंद कशावर ठेवता? सहा जणांनी तक्ता दाखवला, पहिल्या आठवड्यापर्यंत भरलेला. सातव्याने प्रामाणिकपणे सांगितलं, डोक्यात.

दुपारी दाल-बाफले. बाफला म्हणजे उकडून मग भाजलेला गव्हाचा गोळा, तुपात बुडवून काढलेला. बट्टी आम्हीही खातो, पण इथलं तूप वाढणाऱ्याचा हात पाहून मी ताट मागे ओढलं. वाढणारे काका म्हणाले, मॅडम, शरमाओ मत, घर का है. त्यानंतर दोन तास अहवाल लिहिणं कोणालाच शक्य नव्हतं. मी सतरा परीक्षार्थींची यादी समोर ठेवली. सोळा नावांपुढे खूण झाली होती.

कन्नौद, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जीप सात वाजता सांगितली होती, पावणेआठला आली. चालक सलीमभाई. ते बोरसे सरांना पहिल्या वळणापासून भिया, म्हणजे भैया, म्हणू लागले आणि बोरसे सर दुसऱ्या वळणापासून त्यांना. हाटपिपल्याच्या पुढे टायर पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. सलीमभाई शांतपणे म्हणाले, "भिया, ये तो सिर्फ दिखाने की है."

ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही एका शेताच्या बांधावर बसलो. शेतकऱ्याच्या घरच्या बाईंनी हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांवर भाजून दिले. हात, तोंड, वही सगळं काळं झालं. तो डाग त्या दिवसाच्या पानावर अजून आहे.

पुढे सागाचं जंगल आणि घाट, आणि घाट उतरला की कन्नौद. बारा वाजले होते. मंडीत सोयाबीन आणि तुरीचे ढीग, लिलावाचा गलका, धूळ. फाटकाशी एक तरुण मांडी घालून पोत्यांची तोंडं शिवत होता. सुवा आत, सुतळी बाहेर, टाके एकसारखे. रवींद्रच्या बाकावरचा गोकुल तो हाच. चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलणं तुटक, पण हात नेमका. सुनंदाबाईंचं नाव काढताच त्याने सुवा खाली ठेवला, आमच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "बाई आई?"

आई म्हणजे इकडच्या बोलीत आली का. मी म्हटलं, नाही आली, तिनं आम्हाला पाठवलंय. त्याने हातातलं पोतं पुरं शिवलं, मगच उठला.

टाकीमागचं तिसरं घर. आत गोकुलची आई, धुराबाई. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. भिंतीवर देवांच्या शेजारी फोटो: टोपी घातलेला मुलगा, टोपीखाली तेल लावलेले केस, छातीवर पिन केलेला रुमाल. मी तो उतरवून उलटा केला. खाकी कागद अखंड. कडेला कसरीचा एक वळही नाही. शिक्का दत्ताजींच्या दुकानाचा. तारीख एप्रिल १९९३.

मी उघडला नाही. शेजारच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक वर्माजींना बोलावणं धाडलं. ते येईपर्यंत फोटो उलटा चटईवर, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसून. धुराबाई घाबरल्या होत्या. त्यांना वाटलं फोटो परत न्यायला आलो. बोरसे सरांनी त्यांना दोनदा समजावून सांगितलं.

वर्माजी आले. मी कागदावर लिहून घेतलं: फ्रेम बंद, कागद न फाटलेला, शिक्का असा, तारीख अशी. आमच्या सगळ्यांच्या सह्या, धुराबाईंचा अंगठा. मग बोरसे सरांनी ब्लेडने कागद कापला, दत्ताजींनी शिकवल्याप्रमाणे चिमट्याने खिळे काढले, पुठ्ठा उचलला.

सहा पानं. वर छापलेलं साल १९९२. चौकोन भरलेले, निळ्या शाईत, बारीक, थोडं तिरकं अक्षर. तो तिरकेपणा मी मंगळवारी फळ्यावर पाहिला होता.

पंचनाम्यात लिहिण्यासाठी मी काही नोंदी मोठ्याने वाचल्या. डावा बूट स्वतः. दहापर्यंत, सात गाळला. आज रडला नाही. दहापर्यंत, सात गाळला. सात आला. माझ्यावर रागावला, माझीच चूक. ऑगस्टच्या एका चौकोनात फक्त दोन शब्द होते: पाणी मागितलं.

धुराबाईंना मराठी वाचता येत नाही, कुठलंच वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय. मी एकेक चौकोन हिंदीत सांगत गेले. पाण्यावर आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"या म्हारा गोकुल की बात हे?"

"तुमच्याच गोकुलची. रोजची. पूर्ण वर्षाची."

त्या म्हणाल्या, तो पहिल्यांदा पाणी म्हणाला तेव्हा त्या जवळ नव्हत्या, शाळेत म्हणाला होता, बाईंनी सांगितलेलं आठवतंय. पण ते कुठे लिहिलेलं आहे, आणि अकरा वर्षं या भिंतीवरच होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. गोकुल पानावर वाकून चौकोन मोजत होता. सात गाळला नाही.

वर्माजींनी सही करता करता विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे? मी सांगितलं, अजून नाही.

परिषदेच्या नियमाप्रमाणे मूळ कागद जोडावा लागतो, प्रत चालत नाही. हे धुराबाईंना सांगणं माझ्याकडे आलं. त्यांनी पानं पदरात घेतली होती. गोकुल म्हणाला, "बाई ने दई दे." बाईला देऊन टाक. त्यांनी दिली. गोकुलने रिकाम्या जागी सोयाबीनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला, खिळे परत ठोकले आणि फोटो भिंतीवर लावला. दोनदा मागे जाऊन सरळ आहे का पाहिलं.

इंदूर, शनिवार, १४ फेब्रुवारी, आणि पुढचं

गाडीला तीन तास होते. स्टेशनसमोरच्या बूथवरून धारला दुकानात फोन लावला. दत्ताजींनी उचलला. मी सांगितलं, ब्याण्णव सापडलं. ते आत ओरडले, "अगं, ऐकलंस का, मी लावलं ते बरंच झालं." मागून सुनंदाबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं, पण ते छापण्यासारखं नाही. मग त्या फोनवर आल्या आणि निकालाबद्दल काही न विचारता म्हणाल्या, "गोकुल कसा आहे, बाईसाहेब? शिवतो का नीट?"

अहवाल मी गाडीत पूर्ण केला. सतराव्या नावापुढे खूण. जोडपत्रं: पंचनामा, सह्या, सहा मूळ पानं.

मे महिन्याच्या शेवटी सुनंदाबाईंचं पत्र आलं. परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यांनी पत्रात दोनदा लिहिला होता. पदवीवाल्या उमेदवाराचा अर्ज शाळेने परत केला. अकरा मुलं त्यांच्याकडेच राहिली आणि आता चौदा झाली. जूनपासून तालुक्यातल्या आणखी पाच शाळांच्या शिक्षकांना त्यांच्या वर्गावर बसून काम पाहायला पाठवायचं ठरलं. तिवारीजींनी पुढाकार घेतला. नाशिक रोडच्या भावाला त्यांनी यंदा जास्त कॅलेंडरं पाठवायला सांगितलीत. नाशिकच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयात ठराव मांडून मी चार पानांचा तक्ता काढून टाकला. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाला एका मुलामागे एक कॅलेंडर. बोरसे सरांनी ठरावाला अनुमोदन दिलं आणि पुढच्या परीक्षेला धारच मिळावं असा अर्जही केला.

मांडू कसं होतं असं अजूनही लोक विचारतात. मी सांगते, असेल छान.

एक काम मात्र राहिलं आहे. कन्नौदला आम्ही जीपमध्ये बसताना धुराबाई चाकापर्यंत आल्या होत्या. "पाछा लई आजो," त्या म्हणाल्या. परत घेऊन या. मी स्वतः आणून देईन, असं मी त्यांना सांगितलं. सहा मूळ पानं दिल्लीत फायलीला टाचलेली आहेत. परत मागणारी माझी दोन पत्रं गेली, दोन्हींना पोच आली, पानं आली नाहीत. तिसरं पत्र आज सकाळी लिहून ठेवलं आहे. ते रजिस्टरने टाकायचं आहे.